गाडी बिघडली, जबाबदार कोण?

पूर्वी आपल्या गावात बैलगाडी होती. तिचे चाक गावातलाच सुतार करी. बाभळीचे लाकूड तो आपल्या डोळ्यांदेखत तासायचा. तुंब्यात आरे बसवायचा. मग लोहार चाकावर लोखंडी धाव चढवायचा.

ऐन पेरणीत चाकाचा आरा निघाला, तर शेतकरी काय करी? सरळ सुताराच्या दारात जाई आणि म्हणे, "काय बाबा, हे कसलं लाकूड घातलंस?" सुतार वर्षाचे बलुते घेत असे. त्याला नाही म्हणता येत नसे. चाक करणारा आणि चाक वापरणारा यांच्यात चार घरांचे अंतर होते.

आज काळ बदलला. आमचे हर्सूल आता शहराला लागले आहे. घरोघर मोटारसायकल आली. कोणाकडे टेम्पो आहे, कोणाकडे ट्रॅक्टर, तर कोणाकडे चारचाकी मोटार. आपल्याच जिल्ह्यात वाळूजला १९८५ पासून दुचाक्या तयार होतात. शेंद्र्याला २००१ पासून मोटारी तयार होतात. पण कारखाना जवळ असला म्हणून कोणी कारखान्यातून गाडी आणत नाही. गाडी मिळते विक्रेत्याकडे, म्हणजे शोरूममध्ये. दुकान एकाचे, कारखाना दुसऱ्याचा. कर्ज बँकेचे, आणि विमा आणखी चौथ्याचा.

मग नवी गाडी वरचेवर बिघडू लागली, तर जावे कोणाच्या दारात? हे आज आपण समजून घेऊ.

चौक्याच्या घाटातली गाडी

आमचा एक जुना विद्यार्थी आहे. चौथीतून त्याची शाळा सुटली. पुढे मोठा झाला, संसार थाटला. २०२३ च्या दसऱ्याला त्याने बँकेचे कर्ज काढून नवा टेम्पो घेतला. हरसिद्धी मातेच्या देवळासमोर नारळ फोडला. फुलंब्रीकडच्या गावांतून भाजीपाला भरायचा आणि पहाटे जाधववाडीच्या बाजारात पोचवायचा, असा त्याचा धंदा. गाडी तो स्वतःच चालवतो.

दोन महिने बरे गेले. एके दिवशी संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर येऊन बसला. तोंड उतरले होते.

"काय रे, काय झालं?" आम्ही विचारले.

"गुरुजी, गाडीचा दुसरा गिअर निसटतो बघा. चौक्याच्या घाटात माल भरून चढाला लागलं, की खट्दिशी निसटतो. गाडी मागं घरंगळती. काल मागं एक मोटारसायकल होती. नवरा-बायको आन् कडेवर लेकरू. थोडक्यात वाचले. रात्रभर झोप नाही लागली मला."

"अरे, मग शोरूमला दाखवलीस का?"

"पाच खेपा झाल्या. दर बारीला गाडी धुऊन-पुसून देतात, ऑइल बघतात, म्हणतात झालं काम. घाटात गेलं की पुन्हा तेच. काल जरा आवाज चढवून बोललो, तर त्यांनी कागदंच काढून दाखवले मला."

ते कागद त्याने पिशवीतून काढून आमच्या हातात दिले. वर्कशॉपात गाडी लावली की एक कागद भरतात. त्याला जॉबकार्ड म्हणतात. गाडीत काय बिघडले आणि काय दुरुस्त केले, ते त्यावर लिहायचे असते. अशी पाच कार्डे होती. सगळी इंग्रजीत. आम्ही चष्मा लावून वाचली. पाचही कार्डांवर गिअरचा एक शब्दसुद्धा नव्हता. 'सर्वसाधारण तपासणी' एवढेच लिहिले होते. खाली बारीक अक्षरांत छापले होते, 'काम समाधानकारक झाले.' आणि त्याच्याखाली आमच्या विद्यार्थ्याची सही.

ती सही त्याला आम्हीच शिकवली होती. चौथीच्या वर्गात पाटीवर नाव गिरवून घेतले होते. पाचही कार्डांवर तीच वळणदार सही होती.

आम्ही विचारले, "सही करताना वाचलं नाहीस?"

तो म्हणाला, "ते म्हणाले इथं सही करा. मी केली."

म्हणजे गाडी पाच वेळा बिघडली, आणि पाचही वेळा मालकाने लिहून दिले की गाडी चांगली आहे! आता कारखान्याकडे जाऊन काय सांगणार? आमचा विद्यार्थी तर म्हणू लागला, "जाऊ द्या गुरुजी, माझंच नशीब खोटं."

पण हे नशिबाचे काम नाही. या बाबतीत कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. मग या टेम्पोकडे परत येऊ.

एका लाकडी चाकाचा खटला

ही गोष्ट अमेरिकेतली आहे. शंभर वर्षांहून जुनी आहे. तेव्हा मोटारीची चाकेसुद्धा लाकडी असत. आपल्या बैलगाडीसारखेच त्यांना आरे असत.

न्यूयॉर्क राज्यात दगडाचे काम करणारा एक माणूस होता. त्याने दुकानातून ब्यूक कंपनीची मोटार घेतली. एके दिवशी गाडी चालू असताना चाकाचे आरे मोडले. गाडी कोसळली. तो बाहेर फेकला गेला आणि जखमी झाला. आऱ्यांचे लाकूड निकृष्ट होते.

त्याने कंपनीवर खटला भरला. कंपनीने दोन सबबी सांगितल्या. पहिली अशी, की आम्ही गाडी दुकानदाराला विकली, या माणसाला नाही. त्याचा आमचा व्यवहारच नाही. दुसरी अशी, की चाक आम्ही केलेच नाही. ते आम्ही दुसऱ्या कारखान्याकडून विकत घेतले.

१९१६ साली न्यायालयाने निकाल दिला. न्यायमूर्ती कार्डोझो यांनी दोन्ही सबबी मान्य केल्या नाहीत. कंपनीला ठाऊक होते, की गाडी दुकानदार वापरणार नाही. ती गिऱ्हाईकच वापरणार. चाक खराब निघाले तर जिवाला धोका आहे, हेही ठाऊक होते. मग चाक तपासून बसवणे हे गाडी तयार करणाऱ्याचे काम होते. ते त्याने केले नाही. म्हणून तो जबाबदार.

हा निकाल जगभर गाजला. दुकान मध्ये आले म्हणून कारखाना हात झटकू शकत नाही, हे त्याने सांगितले. चार घरांचे अंतर वाढून चारशे कोस झाले, तरी सुताराची जबाबदारी सुटत नाही, असाच त्याचा अर्थ.

आपल्या देशाचा कायदा

आपल्याकडे ग्राहकांची चळवळ उभी राहिली, तीत महाराष्ट्र पुढे होता. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. पुढे १९८६ साली संसदेने ग्राहक संरक्षण कायदा केला. २४ डिसेंबर १९८६ या दिवशी राष्ट्रपतींनी त्यावर सही केली. म्हणून २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन. त्यानंतर २०१९ साली नवा कायदा झाला. तो जुलै २०२० पासून लागू आहे.

या कायद्यातल्या चार गोष्टी गाडीवाल्याने ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट : ग्राहक कोण? पैसे देऊन स्वतःच्या वापरासाठी वस्तू घेणारा तो ग्राहक. धंद्यासाठी वस्तू घेणारा या कायद्यात बसत नाही. पण घाबरू नका. जो माणूस स्वतः राबून पोट भरण्यासाठीच वस्तू घेतो, तो ग्राहकच धरला जातो. आमचा विद्यार्थी स्वतः टेम्पो चालवतो आणि त्यावरच घर चालवतो. तो ग्राहक आहे. ज्याचे दहा टेम्पो आहेत आणि दहा ड्रायव्हर कामाला आहेत, त्याला मात्र ग्राहक म्हणून दाद मिळणे कठीण.

दुसरी गोष्ट : तक्रार कुठे करायची? जिल्हा ग्राहक आयोगाकडे. तो आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणीच असतो. वस्तूसाठी दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल, तर तक्रार जिल्हा आयोगात चालते. कंपनीचे कार्यालय मुंबईला असो की दिल्लीला, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी नाही. पाच ते दहा लाखांपर्यंत २०० रुपये फी आहे. वकील दिलाच पाहिजे असे नाही. आपले म्हणणे आपण स्वतः मांडू शकतो.

तिसरी गोष्ट : मुदत किती? तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. 'बघू, करू' म्हणत बसले की मुदत निघून जाते.

चौथी गोष्ट : कारखाना केव्हा जबाबदार? गाडी तयार करताना चूक झाली, किंवा तिची आखणीच चुकीची होती, किंवा लेखी हमीप्रमाणे ती निघाली नाही, किंवा ती कशी वापरावी हे नीट सांगितले नाही, आणि त्यामुळे माणसाला इजा किंवा त्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर नुकसानभरपाई करणाऱ्याला द्यावी लागते. 'आम्ही काळजी घेतली होती' एवढे म्हणून तो सुटत नाही.

कायद्यात लिहिले आहे की निकाल तीन महिन्यांत व्हावा. वस्तूची तपासणी करायची असेल तर पाच महिन्यांत व्हावा. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, हेही सांगितले पाहिजे. तरी कागद चोख असेल तर काम पुष्कळ सोपे होते.

कारखाना की विक्रेता?

दोष कोणाचा, हे नीट ओळखावे लागते. तीन निकाल पाहू. तिन्ही सर्वोच्च न्यायालयाचे आहेत.

पहिला निकाल २००६ सालचा. मारुती कंपनीच्या एका मोटारीत क्लचचा दोष होता. मालकाने गाडीच बदलून मागितली. न्यायालयाने सांगितले, की वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याची हमी आहे, गाडी बदलून देण्याची नाही. म्हणजे वॉरंटीच्या पुस्तकात काय लिहिले आहे, त्यावर पुष्कळ ठरते. ते पुस्तक गाडीबरोबर मिळते. आपण ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवतो. ठेवा, पण आधी वाचा. वाचता येत नसेल तेवढे दुसऱ्याकडून वाचून घ्या.

दुसरा निकाल २०२१ सालचा. हे प्रकरण आपल्या शेजारच्या गोव्यातले आहे. एका गृहस्थांनी २०११ साली टाटा मोटर्सची नवी मोटार घेतली. पैसे नव्या गाडीचे भरले. हाती आलेली गाडी २००९ साली तयार झालेली होती. ती सहाशे किलोमीटरहून जास्त चाललेली होती आणि खालून गंजलेली होती. खालच्या आयोगांनी विक्रेता आणि कारखाना दोघांनाही जबाबदार धरले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र कारखान्याला वगळले. विक्रेता स्वतंत्रपणे धंदा करतो. त्याने जुनी गाडी नवी म्हणून दिली, हे कारखान्याला ठाऊक होते असा पुरावा नव्हता. यातून काय शिकायचे? कारखान्याविरुद्ध बोलायचे तर कारखान्याची चूक कोणती, हे नेमके सांगावे लागते. आणि गाडी घेतानाच ती कोणत्या वर्षी तयार झाली ते पाहावे. नोंदणीपुस्तकात, म्हणजे आर.सी.त, महिना आणि वर्ष लिहिलेले असते.

तिसरा निकाल २०२२ सालचा. ह्युंदाई कंपनीच्या एका मोटारीला २०१७ साली अपघात झाला. धडक बसली की गाडीतल्या हवेच्या पिशव्या फुगतात आणि माणसाला वाचवतात. त्यांना एअरबॅग म्हणतात. त्या उघडल्याच नाहीत. मालक जखमी झाला. कंपनीने धडकेच्या जोराचा मुद्दा काढला. न्यायालयाने सांगितले, की गिऱ्हाईक काही पदार्थविज्ञानाचा पंडित नसतो. वेग आणि जोर यांची गणिते त्याने करावीत अशी अपेक्षा धरता येत नाही. समोरून चांगली धडक बसली तर एअरबॅग उघडेल, असेच तो समजणार. न्यायालयाने भरपाईचा आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला.

पाहा, एका प्रकरणात कारखाना सुटला, दुसऱ्यात अडकला. न्यायालय ना मोठ्याचे तोंड पाहते, ना गरिबाचे. ते पुरावा पाहते.

एकट्याची तक्रार आणि पुष्कळांची तक्रार

कधी कधी एकाच गाडीत दोष नसतो. त्या जातीच्या हजारो गाड्यांत तोच दोष असतो. प्रत्येक मालकाला मात्र वाटते, की माझीच गाडी खराब.

२०१० साली नॅनो मोटारी पेटण्याच्या काही घटना घडल्या. मुंबईत तर शोरूममधून घरी नेत असतानाच नवी गाडी पेटली. त्याच वर्षी नोव्हेंबरात टाटा कंपनीने नॅनोच्या मालकांना बोलावले आणि गाड्यांना सुरक्षेचे जादा भाग फुकट बसवून दिले. त्या वेळी असे करण्याची सक्ती कायद्यात नव्हती. कंपनीने आपण होऊन ते केले.

आता तशी तरतूद आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली बदल झाला, आणि १ एप्रिल २०२१ पासून नवे नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतील गाड्यांना ते लागू आहेत. एका जातीच्या गाड्यांविषयी ठराविक संख्येपेक्षा जास्त मालकांनी सुरक्षेच्या दोषाची तक्रार केली, तर सरकार चौकशी करते. दोष खरा निघाला तर त्या सगळ्या गाड्या परत बोलावण्याचा हुकूम कारखान्याला देता येतो. मग दुरुस्तीचा खर्च कारखान्याचा. हुकमाने गाड्या परत बोलवाव्या लागल्या, तर १० लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत दंडही होतो.

म्हणतात ना, गाव करी ते राव न करी. पण त्यासाठी प्रत्येकाची तक्रार नोंदली गेली पाहिजे. शंभर जण पारावर बसून नुसते बोलले, तर त्या शंभर तक्रारी नव्हेत. तिथे मोजदाद नोंदींची होते. म्हणून आपली एक तक्रार फक्त आपल्या गाडीसाठी नसते. घाटात आपल्या मागे असलेल्या मोटारसायकलवाल्यासाठीही ती असते.

कंपनी कधी स्वतःहून पत्र किंवा मोबाईलवर संदेश पाठवून गाडी तपासायला बोलावते. ते पत्र फेकू नये. वापरलेली गाडी विकत घेतली असेल, तर कंपनीकडे आपले नाव व मोबाईल नंबर नोंदवावा. नाहीतर पत्र जुन्या मालकाकडे जाते.

आपली बाजूही स्वच्छ हवी

टाळी एका हाताने वाजत नाही. गाडीवाल्याचीही काही कर्तव्ये आहेत. एक टन वजनाच्या गाडीत दोन टन माल भरला आणि मग गिअर मोडला, तर कारखान्याला दोष कसा देणार? गाडीत रस्त्यावरच्या मिस्त्रीकडून वायरी तोडून जादा दिवे बसवले, मोठा हॉर्न बसवला, आणि मग गाडी पेटली, तर कारखाना म्हणेल, की आम्ही दिली तशी गाडी राहिलीच नाही. कायदाही त्याचे ऐकतो. वापरणाऱ्याने वस्तूत फेरफार केला किंवा ती भलत्या रीतीने वापरली, तर भरपाईचा हक्क जाऊ शकतो.

सर्व्हिसिंग ठरल्या वेळी करावी. वॉरंटीला वर्षांची मुदत असते, तशी किलोमीटरचीही असते. समजा, तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर असे लिहिले आहे. यांपैकी जे आधी होईल, तिथे वॉरंटी संपते. रोज लांब जाणाऱ्या टेम्पोचे किलोमीटर लवकर भरतात. टायर, बॅटरी, ब्रेकचे लायनर अशा झिजणाऱ्या वस्तूंचे नियम निराळे असतात. तेही पुस्तकात पाहावेत.

टेम्पोचे पुढे काय झाले?

आता आपल्या टेम्पोकडे येऊ. आम्ही विद्यार्थ्याला म्हटले, "सहाव्या खेपेला आम्ही तुझ्याबरोबर येतो. पण लिहायचं तूच."

चार दिवस रोज संध्याकाळी त्याने वहीत दोन वाक्ये लिहून काढली. 'माल भरून चढावर गेल्यावर दुसरा गिअर निसटतो. पाच वेळा दाखवूनही दुरुस्त झालेला नाही.' 'दुरुस्त' या शब्दाचा उकार पहिल्यांदा चुकत होता. मग जमला.

वर्कशॉपात टेबलामागच्या मुलाने कार्ड पुढे केले. म्हणाला, "काका, इथं सही करा."

आमचा विद्यार्थी म्हणाला, "आधी वाचून दाखवा. मराठीत सांगा."

मुलाने सांगितले. पुन्हा तेच, सर्वसाधारण तपासणी. मग विद्यार्थ्याने पेन काढले आणि सहीच्या जागेवर सावकाश, मराठीत, ती दोन वाक्ये लिहिली. मागे रांग लागली होती. मुलगा म्हणाला, "लवकर करा." पण लिहू नका असे काही तो म्हणू शकला नाही. कार्ड इंग्रजीत असले, तरी आपण आपल्या भाषेत लिहू शकतो. विद्यार्थ्याने तारीख घातली, सही केली आणि कार्डाची प्रत मागून घेतली.

त्या दिवशी आम्ही आणखी एक गोष्ट विचारली, "गाडी तपासता ती कशी?" उत्तर मिळाले, "रिकामी गाडी समोरच्या सपाट रस्त्यावर फिरवतो." मग दोष दिसणार कसा? रिकाम्या गाडीत गिअरच्या दात्यांवर जोर येत नाही. जोर येतो तो माल भरून चढावर.

घरी येऊन त्याने विक्रेत्याला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला पत्र लिहिले. ते थोडक्यात असे :

'महोदय, मी अमुक तारखेला आपल्याकडून टेम्पो घेतला. गाडीचा नंबर आणि चॅसिस नंबर खाली दिला आहे. माल भरून चढावर गेल्यावर दुसरा गिअर निसटतो व गाडी मागे येते. यामुळे जिवाला धोका आहे. मी पुढील तारखांना गाडी वर्कशॉपात दाखवली. दोष गेलेला नाही. गाडी वॉरंटीत आहे. कृपया भरलेली गाडी घाटात चालवून तपासावी आणि पंधरा दिवसांत दोष दूर करावा. नाहीतर मला ग्राहक आयोगाकडे जावे लागेल. सोबत जॉबकार्डांच्या प्रती जोडल्या आहेत.'

पत्र स्पीड पोस्टाने पाठवले. पावती वहीला डकवली.

तिसऱ्या आठवड्यात कंपनीचा इंजिनीअर आला. कोबीची पोती भरलेली गाडी घेऊन दोघे चौक्याच्या घाटात गेले. दुसऱ्याच वळणावर गिअर निसटला. इंजिनीअरने स्वतः पाहिले. गिअरबॉक्स वॉरंटीत बदलून मिळाला.

पण सगळेच मिळाले असे नाही. गाडी अकरा दिवस उभी होती. त्या दिवसांची कमाई बुडाली. बँकेचा हप्ता चुकू नये म्हणून त्याने दोन शेळ्या विकल्या. आम्ही म्हटले, "या नुकसानीची भरपाईही मागता येते, बाबा." तो म्हणाला, "राहू द्या गुरुजी, गाडी नीट झाली, बास झालं." ती त्याची मर्जी. पण हक्क होता, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. आणि पहिल्याच खेपेला ती दोन वाक्ये लिहिली असती, तर शेळ्या गोठ्यात राहिल्या असत्या, हेही ध्यानात ठेवावे.

तर मग काय करावे?

१. गाडी घेताना बिल, वॉरंटीचे पुस्तक आणि विम्याचा कागद मागून घ्या. सगळे एका पिशवीत ठेवा.

२. तयार झाल्याचे वर्ष आणि चॅसिस नंबर बिलाशी ताडून पाहा.

३. बिघाड झाला की वहीत लिहा. तारीख, किलोमीटरचा आकडा, कुठे बिघडली आणि काय झाले.

४. वर्कशॉपात तोंडी सांगून थांबू नका. जॉबकार्डावर बिघाड लिहवून घ्या. प्रत घ्या.

५. वाचल्याशिवाय सही करू नका. काम झाले नसेल तर सहीच्या वर 'काम झालेले नाही' असे मराठीत लिहा.

६. तोच बिघाड पुन्हा झाला, तर विक्रेत्याला आणि कंपनीला, दोघांनाही पत्र पाठवा.

७. दाद लागली नाही तर १९१५ या नंबरावर फोन करा. ही राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी आहे. तिथे मराठीतही बोलता येते. तरीही काम झाले नाही तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा.

८. ब्रेक, स्टिअरिंग, गिअर यांचा दोष असेल, किंवा जळका वास येत असेल, तर गाडी चालवू नका. कमाई पुन्हा करता येते. गेलेला जीव परत येत नाही.

बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी पुष्कळ जणांनी परवापरवापर्यंत अंगठा उठवला. आता आपण सही करतो, याचा आनंद आहे. पण सही म्हणजे 'हे मला मान्य आहे' असे सांगणे. काय मान्य आहे, ते आधी वाचले पाहिजे. न समजता केलेली सही अंगठ्याहून बरी नव्हे.

आमचा विद्यार्थी आजही तोच टेम्पो चालवतो. पहाटे आमच्या दारावरून जाताना हॉर्न वाजवतो. डॅशबोर्डवर देवाच्या तसबिरीशेजारी त्याची ती वही असते. वहीला दोरीने पेन बांधलेले आहे.